चर्नी रोडची बाग आणि आपली वस्ती



कलम १४४ आपल्याला चांगलंच माहीत आहे. मोर्चाच्या आदल्या दिवशी, पुतळ्याची विटंबना झाल्यावर, कुठे तणाव झाला की ते लागायचं. पण मे २०२४ मध्ये अकोल्यात ते उन्हामुळे लागलं. पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत १४४ लागू केलं. कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय करा, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. आदेश योग्यच होते. सोबत दरवर्षीचा सल्लाही होताच, की दुपारी घराबाहेर पडू नका. या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. घर बाहेरपेक्षा थंड असतं.

आपल्या वस्त्यांत ते तसं नसतं. वर टीन, दहा बाय बाराची खोली, एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूलाही शेजाऱ्याची भिंत, समोर सिमेंटचा रस्ता. विदर्भात कुलर घरोघरी असतो म्हणतात, पण कुलरला बाहेरची मोकळी हवा लागते. तीन फुटांच्या गल्लीत तो लावायचा कुठे? खोलीत ठेवला तर दमटपणा वाढतो आणि माणूस अजूनच घामाघूम होतो. पाणीही काही दिवसांआड येतं, ते प्यायचं की कुलरमध्ये ओतायचं? रात्री दहा वाजता भिंतीला हात लावा, ती दिवसभर प्यालेलं ऊन तेव्हा बाहेर टाकत असते.

याच वेळी अमरावतीच्या कॅम्पमधून किंवा अकोल्याच्या सिव्हिल लाइन्समधून चालत जा. फरक अंगाला कळतो. मोठमोठी जुनी झाडं, बंगल्यांभोवती आवार. ही रचना इंग्रज साहेबांच्या राहण्यासाठी केलेली होती. साहेब गेले, देश स्वतंत्र झाला, संविधान आलं. सावली मात्र होती त्याच रस्त्यांवर राहिली.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की घर मागताना आपण चौरस फूट मोजले, पण घराबाहेरची माती, झाड, ऊन, वारा आणि मैदान यांतला आपला वाटा मागितला नाही. तो मागितला पाहिजे.

आधी माझा गुन्हा

दुसऱ्यांना दोष देण्याआधी स्वतःचं सांगते. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका वस्तीत विहारासमोरच्या जागेचं काम करून घ्यायचं होतं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल व्हायचा. दलित वस्ती सुधार योजनेतून निधी मिळणार होता. अर्ज मी लिहिला. मागण्या होत्या सिमेंट रस्ता, आवारभिंत आणि पूर्ण जागेवर गट्टू. मध्ये दोन जुने कडुलिंब येत होते. मोजमाप घेणाऱ्याने विचारलं, यांचं काय करायचं? आम्ही दहा-बारा जण उभे होतो. कुणीच काही बोललं नाही, आणि ते न बोलणं म्हणजेच होकार ठरला. झाड तोडायला परवानगी लागते हेही तेव्हा कुणाला सुचलं नाही. उद्घाटनाला आम्ही फोटो काढले, मी ते अभिमानाने सगळीकडे पाठवले.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं. त्या दोन झाडांखाली बाया धान्य निवडायच्या, म्हाताऱ्या बसायच्या, घरात जागा नसलेली पोरं परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन यायची. आता संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तिथे अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. एका आजीने मला थांबवून विचारलं, "माय, चिखल गेला थे बेस झालं. पन आता बसाव कुठी?"

माझ्याकडे समाजशास्त्राची एमएची पदवी होती. या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"ताई, झाडंबिडं सोडा"

हा विषय मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ दादा म्हणाले, "ताई, झाडंबिडं सोडा. आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मातीत काढल्या. आता त्यांना सिमेंट पाहिजे. निसर्गप्रेम हे पोट भरलेल्यांचं काम आहे."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी मूळची कौंडण्यपूरची. तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठावरचं गाव. भाविक त्याला रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतात, अभ्यासक तिथल्या उत्खननामुळे ओळखतात. बाहेरचा माणूस नदीकाठी उभा राहून म्हणतो, काय निसर्ग आहे! पण वऱ्हाडातल्या गावोगावी आपल्या आज्या-पणज्यांसाठी निसर्ग म्हणजे काय होतं? नदी एक होती, पाणवठे वेगळे होते. विहीर दिसायची, शिवता येत नव्हती. झाड पाटलाच्या बांधावरचं, सरपण त्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर जो घाव घातला, तो याच अनुभवातून. त्यामुळे सिमेंटचा रस्ता आला की आपल्या माणसाला प्रतिष्ठा आल्यासारखं वाटतं, आणि ते चुकीचं नाही. चिखल हा काही निसर्ग नाही, तो उपेक्षेचा पुरावा आहे.

पण मग महाड आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांनी "आम्हाला तळं नको, नळ द्या" असं म्हटलं नव्हतं. जे सार्वजनिक आहे त्यात आमचा समान हक्क आहे, हे त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन सिद्ध केलं. गावाने आपल्याला पाण्यापासून तोडलं होतं. आज शहर आपल्याला सावलीपासून तोडतं. फरक एवढाच की इथे कुणी "शिवू नका" म्हणत नाही, नकाशाच तसा काढलेला असतो.

चर्नी रोडची बाग

आपल्यापैकी प्रत्येकाला ही गोष्ट माहीत आहे, पण आपण ती घराच्या प्रश्नाशी कधी जोडली नाही. विद्यार्थी भीमराव परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच अभ्यास. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा हा मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी यायचे. त्यांनी या मुलाला वाचताना पाहिलं, चौकशी केली, ओळख वाढली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कार सभेत केळुस्करांनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं.

आता विचार करा. बाबासाहेब त्यांच्या बुद्धीने आणि कष्टाने मोठे झाले, यात शंका नाही. पण एका खोलीत राहणाऱ्या मुलाला वाचायला एक बाक आणि एक झाड सार्वजनिक जागेत मिळालं, हीदेखील वस्तुस्थिती आहे. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याच्यासाठी बाग हा विरंगुळा असतो. ज्याच्या घरात एकच खोली आहे त्याच्यासाठी बाग ही दुसरी खोली असते. म्हणून घर जितकं लहान, तितकी बाहेरची जागा मोठी असायला हवी. आपल्या व्यवस्थेत नेमकं उलटं आहे. ज्यांची घरं मोठी, त्यांच्याच दारात बागा.

माझ्या वस्तीतली पोरं कडुलिंबाखाली बसून तेच करत होती, जे भीमराव चर्नी रोडला करत होते. मी त्यांच्या बागेवर गट्टू बसवले.

नियम आहे, पण कुणासाठी?

कुणी म्हणेल, जागा कुठे आहे? आधी कायदा काय म्हणतो ते बघू. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेचं ले-आउट पाडलं, तर १० टक्के जागा सर्वांसाठी मोकळी सोडावी लागते. अमरावती-अकोल्यात हिला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. मंजूर ले-आउटमध्ये ती असते. बऱ्याच ठिकाणी काही वर्षांत तिच्यावर एक मंदिर उभं राहतं, कुंपण पडतं, आणि 'सर्वांची' जागा काही जणांची होते. हे आपण डोळ्यांनी पाहतो.

पण आपला माणूस मंजूर ले-आउटमध्ये प्लॉट घेऊच शकत नाही. तो घेतो गुंठेवारीत. शेताचे तुकडे पाडून, मंजुरीशिवाय, स्टॅम्पपेपरवर विकलेले प्लॉट. ते स्वस्त का असतात? कारण तिथे रस्त्याला, नालीला, मोकळ्या जागेला जमीन सोडलेलीच नसते, शेवटचा गुंठाही विकलेला असतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्या नियमित करता येतात, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. नियमित होणं गरजेचंच आहे, घर डोक्यावरून जाण्याची भीती जाते. पण कागद नियमित झाला म्हणून नसलेली मोकळी जागा उगवत नाही. श्रीमंताच्या नकाशातली १० टक्के सावली कायद्याने दिलेली आहे. गरिबाच्या नकाशातली सावली बिल्डरने आधीच विकून खाल्लेली आहे, आणि ती परत मिळवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

मुंबईत काय झालं

वऱ्हाडातल्या कित्येक घरांची नाती मुंबईत आहेत. गिरणीच्या, गोदीच्या, सफाईच्या कामाला गेलेली माणसं झोपडपट्टीत किंवा चाळीत राहिली, आणि आता पुनर्वसनाच्या इमारतीत. तिथे जे आज झालं ते उद्या आपल्याकडेही येणार आहे, म्हणून नीट पाहू.

झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी १८०, मग २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फूट झालं. हा आकडा वाढावा म्हणून मोर्चे निघाले. पण त्याच नियमांत दुसराही एक आकडा आहे, ज्यावर मोर्चा निघाला नाही. एका हेक्टरवर किमान किती घरं कोंबायची? आधी ५००, नव्या नियमावलीत ६५०. लक्षात घ्या, ही किमान मर्यादा आहे. याहून कमी घरं बांधू नका, असं सरकार सांगतं. शिवाय दोन इमारतींमधल्या अंतराला सवलत.

याचा परिणाम मानखुर्द-गोवंडीत दिसतो. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या प्रकल्पबाधितांच्या वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीशी तुलना केली, जिथे इमारती कमी उंच आणि त्यांच्यात अंतर जास्त. जिथे ऊन-वारा कमी, तिथे क्षयरोगाचं प्रमाण कितीतरी अधिक आढळलं. क्षयाचे जंतू बंद, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या खोलीत टिकतात, हे विज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे. नकाशा मंजूर करणाऱ्यांना ते माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं?

आता बीडीडी चाळींकडे या. १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे. १६० चौरस फुटांची खोली, सार्वजनिक संडास. हाल होतेच. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. चार पिढ्या १६० फुटांत काढलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येणारच, त्या आनंदावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही.

पण त्या चाळींकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे दोन चाळींमधली जमीन आणि मैदानं. तिथे जयंती झाली, भीमगीतांचे सामने झाले, क्रिकेट झालं, लग्नं झाली. तिथेच सभा झाल्या. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि वरळी पेटली, ती सभादेखील चाळींच्या मैदानातलीच. आपली चळवळ सभागृहात जन्मली नाही, कारण सभागृहाचं भाडं परवडत नव्हतं. ती मोकळ्या जमिनीवर वाढली. टॉवरमध्ये खाली पार्किंग असतं, त्यावर पोडियम, पोडियमवर कुंड्या. तिथे सभा घ्यायची तर सोसायटीच्या कमिटीची परवानगी. स्लॅबवरच्या दोन फूट मातीत वड-पिंपळ वाढत नाही, आणि परवानगीच्या जागेत चळवळही वाढत नाही. म्हणून मोकळ्या जमिनीचा प्रश्न हा फक्त हवेचा नाही, तो आपल्या संघटनेचा प्रश्न आहे.

दाट वस्ती म्हणजे उघडीबोडकी वस्ती नव्हे

"जमीन कमी, माणसं जास्त, झाडं कुठे लावणार?" हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या त्याच दशकात व्हिएन्ना शहरात कामगारांनी निवडून दिलेल्या नगरपालिकेने कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध वसाहत कार्ल-मार्क्स-होफ, १९२७ ते १९३० मध्ये उभी राहिली. १३८२ घरं. इमारत एक किलोमीटरहून लांब. पण बांधकाम जेमतेम १८.५ टक्के जागेवर. उरलेल्या जागेत अंगणं, बागा, खेळायच्या जागा. घरं लहानच होती, म्हणूनच बाहेर जागा मोठी ठेवली. जमीन विकायची नाही हे आधी ठरलं, मग नकाशा काढला.

एवढं लांब जायलाही नको. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात वसाहत आखली. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती, असे तीन चौक मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, तशी अंगणं मिळून मोहल्ला. हेक्टरी सुमारे शंभर कुटुंबं, एक-दोन मजल्यांची घरं, आणि तरी प्रत्येक दारासमोर उघडं आभाळ. मुंबईच्या ६५० च्या गणितात हे जसंच्या तसं बसणार नाही, हे मान्य. पण अमरावती, अकोला, बडनेरा, मूर्तिजापूर, तिवसा इथे घरकुलांच्या वसाहती टॉवरच्या नसतात, आपल्याकडे ते आजही शक्य आहे. एक सावधगिरी मात्र बेलापूरच शिकवतं. तिथली कित्येक मूळ घरं पाडून पुढे मोठे बंगले झाले. जागा राहण्यासारखी झाली की पैसेवाला येतो आणि गरीब बाहेर जातो. त्यामुळे मोकळी जागा वस्तीच्या नावावर, कायमची, न विकता येणारी अशीच मागायला हवी.

बौद्ध म्हणून आपल्याला हा विचार परका नाही. बिंबिसाराने संघाला जागा द्यायची ठरवली तेव्हा त्याने अशी जागा शोधली, जी नगरापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, लोकांना येता-जाता येईल, दिवसा गर्दी नाही, रात्री शांत. ते वेळुवन. अशोकाने रस्त्यांच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आणि हे दगडी स्तंभावर कोरून सांगितलं. सावली देणं हे राज्याचं काम आहे, ही नोंद या देशात बावीसशे वर्षांपूर्वीची आहे. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराचं नाव नागसेनवन आहे. वन हा शब्द तिथे शोभेला नाही.

मग करायचं काय?

एक. तुमच्या शहरातल्या मंजूर ले-आउटमधल्या ओपन स्पेसची यादी माहितीच्या अधिकारात मागा. कुठली जागा कुणाच्या ताब्यात आहे ते नकाशावर टाका.

दोन. वस्ती सुधार योजनेचा प्रस्ताव लिहिताना रस्ता, नाली, दिवे यांच्यासोबत झाडं, त्यांचे आळे आणि मातीची जागा लिहा. पूर्ण जागेवर गट्टू मागू नका. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट येणार नाही, हे काम सुरू होण्याआधी उभं राहून सांगा. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार नगरपालिका क्षेत्रात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवं.

तीन. गुंठेवारी नियमित होत असेल तिथे जवळची सरकारी किंवा पालिकेची जागा वस्तीच्या मैदानासाठी राखून द्या, ही मागणी त्याच निवेदनात घाला.

चार. पुनर्विकासाच्या बैठकीत किती फूट मिळणार हे विचारून झालं की आणखी चार प्रश्न विचारा. दोन इमारतींत अंतर किती? पहिल्या मजल्यावर ऊन किती वाजता येणार? झाडं जमिनीत की स्लॅबवर? मैदान कुणाच्या नावावर? उत्तर लेखी मागा.

पाच. १४ एप्रिलला डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याचा दहावा हिस्सा तरी वस्तीतल्या झाडांवर करा. लावण्यावर नको, जगवण्यावर करा. फोटोपुरतं रोप आपणही खूप लावलं.

शेवटी त्या वस्तीचं सांगते. मागच्या पावसाळ्यात आम्ही विहारासमोरचे गट्टू चार बाय चार फुटांच्या जागेत उखडले. खाली मुरूम निघाला, तो पहारीने फोडावा लागला. कडुलिंबाचं रोप लावलं, ते उन्हाळ्यात जळालं. दुसरं लावलं. त्याला दोन घरच्या पोरी भांडी धुतलेलं पाणी घालतात. ते माझ्या कमरेएवढं झालं आहे. आजीला त्याच्याखाली बसता येईल का, ते मला माहीत नाही. तिचं वय झालं आहे आणि झाडाला वेळ लागतो. तोडायला आम्हाला अर्धा दिवस लागला होता.

जयभीम.